पुन्हाबाई आणि अठ्ठावीस जबान्या

कपडे अर्धेच पिळून झाले आहेत. पांढरे दोरीवर गेले, रंगीत अजून बादलीतच आहेत. मी ओले हात पुसून वही उघडली आणि ओट्यापाशी स्टूल ओढून बसले. एरवी संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की मी चार ओळी लिहिते. काय शिजवलं, कोण आलं-गेलं, कोणासाठी प्रार्थना केली. आज चार ओळींत भागणार नाही. आज वन्संबद्दल लिहायचं आहे, आणि ते लिहून झाल्याशिवाय त्या बादलीत हात घालायला मन घेत नाही. सगळं सुरू झालं ते कपड्यांपासूनच.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. बत्तीस वर्षं एकाच शाळेत मोठ्या वर्गांना भाषा शिकवतात. उंच, किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात आणि उजव्या बाहीवर कायम खडूची पावडर. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं, तर म्हणतात, "वह्या तपासून हात रिकामा झाला की करणार होते. हात काही रिकामा झाला नाही." खरी गोष्ट अशी की सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा हे सहावीत होते. यांचे डबे, यांच्या फिया, यांची शर्टाची बटणं, सगळं वन्संनीच केलं. यांना मोजे कुठे ठेवलेत ते आजही कळलं नाही, की हे जिन्यातून वर बघून "ताई!" अशी हाक मारतात. मी घरात असताना.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची धडकी भरायची. पण पहिल्याच महिन्यात त्यांनी मला एक कोरी वही आणून दिली. "वहिनी, रोज चार ओळी लिहीत जा. देवाच्या लक्षात सगळं राहत असेल, आपल्या राहत नाही." त्या वहीनंतर आता ही बाविसावी वही चालू आहे. ही सवय त्यांचीच आहे, हे आधी लिहून ठेवते.

शाळेत मुलं त्यांना पुन्हाबाई म्हणतात. कोणी उत्तर दिलं, बरोबर असो की चूक, बाई म्हणणार, "पुन्हा." दुसऱ्यांदा सांगितलं की, "आता न घाबरता पुन्हा." आमची लेक त्यांच्याच वर्गात आहे, यंदा शेवटचं वर्ष. फाटकाच्या बाहेर "आत्या" आणि फाटकाच्या आत "बाई", हा नियम दोघींनी बालवाडीपासून पाळला. एकदा ती वर्गात चुकून "आत्या" म्हणाली, तर वन्संनी मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "कोणाची आत्या आली आहे? बाहेर बसवा त्यांना." वर्ग हसून हसून लोळला. लेक चार दिवस बोलली नाही.

परीक्षेला महिना उरला की वन्सं उजळणी घेतात. यंदा अभ्यासाला एक जुनं नाटक आहे, चेटकिणीच्या खटल्याचं. मला ते लेकीने भाजी निवडता निवडता सांगितलं. एका गावात नदीवर कपडे धुणारी एक बाई असते. एका थंडीत गावातल्या गाईंचं दूध आटतं आणि लोक म्हणतात, ही चेटकीण आहे. कोर्ट बसतं. एकेक जण येऊन जबानी देतो. ही पाण्याशी बोलते. ही भर दुपारी दिवा लावते. हिने माझ्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. न्यायाधीश दुष्ट नसतो. तो फक्त विचारतो, "हे खरं आहे का?" आणि ती प्रत्येक वेळी "हो" म्हणते, कारण ते खरंच असतं. का बोलते, का लावते, हे तिला कोणी विचारत नाही.

"मग पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय, आई. संपलं ना."

"अगं, पण ती का लावायची दिवा?"

"घर नदीच्या उताराखाली असतं. आत उजेडच नसतो." लेकीने शेंगेचा दोर ओढला. "तेच तर परीक्षेत येतं. खऱ्या वाक्यांतून खोटा निकाल कसा लागतो, उदाहरणांसह स्पष्ट करा. वीस गुण."

वन्संची उजळणी घेण्याची रीतच वेगळी. त्या म्हणतात, पाठ केलेलं उत्तर पेपर हातात आला की पळून जातं, स्वतः केलेलं पळत नाही. म्हणून त्यांनी वर्गाला सांगितलं, आपण खटला भरवू. आरोपी मी. प्रत्येकाने माझ्याविरुद्ध एक जबानी लिहायची. अटी तीन. वाक्य खरं हवं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. कारण लिहायचं नाही. खाली सही आणि तारीख. वर "सराव" वगैरे लिहायचं नाही, कोर्टात कोणी तसं लिहीत नाही. हे शुक्रवारी. कागद घरी न्यायचा, शनिवार-रविवार त्यावर विचार करायचा, आणि सोमवारी त्याच कागदाच्या पाठीमागे त्या वाक्याचं कारण लिहायचं. मग दोन्ही बाजू मोठ्याने वाचायच्या. म्हणजे तो वीस गुणांचा प्रश्न आयुष्यात कोणी विसरणार नाही, असा त्यांचा हिशेब.

अठ्ठावीस मुलांनी अठ्ठावीस जबान्या लिहिल्या.

शनिवारी मी कपडे भिजवायला घेतले. खिसे तपासल्याशिवाय मी कपडा पाण्यात टाकत नाही. एकदा यांचं ऑफिसचं ओळखपत्र धुऊन वाळत घातलं होतं, तेव्हापासूनची ही सवय. लेकीच्या गणवेशाच्या खिशात चार घड्या घातलेला कागद निघाला. लेक मैत्रिणीकडे गेली होती. मी उघडून वाचला.

"मी शपथेवर सांगते की आमच्या बाई मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात एकट्याच बोलतात. समोर कोणी नसतं. त्या हातवारे करतात आणि मधेच थांबून ऐकल्यासारखं करतात. मी हे तीनदा पाहिलं आहे." खाली सही. तारीख. मागची बाजू कोरी.

चेटूक वगैरे माझ्या मनातसुद्धा आलं नाही, देवाची शपथ. मला वाटलं, वन्सं आजारी आहेत. एकटं राहून माणसाचं असं होतं, ऐकलेलं असतं आपण. आता नीट विचार केला तर वाटतं, एक जिना चढले असते तर काम झालं असतं. "वन्सं, हे काय आहे?" एवढंच. त्या हसल्या असत्या आणि म्हणाल्या असत्या, तास घ्यायच्या आधी मी तो एकदा भिंतींना शिकवून बघते, वहिनी. बत्तीस वर्षं बघते. पण मला धीर झाला नाही. थोरल्या नणंदेला तोंडावर कसं विचारायचं, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?

म्हणून मी नेहमी करते तेच केलं. दर शनिवारी दुपारी आम्हा बायकांचं प्रार्थना मंडळ भरतं. तिथे एक लाकडी पेटी आहे. मनातली काळजी कागदावर लिहून तिच्यात टाकायची, मग एक जण एकेक कागद वाचते आणि सगळ्या मिळून त्या माणसासाठी प्रार्थना करतो. मी वेगळं काही लिहिलं नाही. लिहिणार तरी काय? तोच कागद टाकला. मनात म्हटलं, देवा, ज्यांनी मला लिहायला लावलं त्यांना सांभाळ.

त्या दिवशी वाचायची पाळी औषधवाल्यांच्या बायकोची होती. तिचा मुलगा त्याच वर्गात आहे. तिने वाचलं, सही बघितली, माझ्याकडे बघितलं. प्रार्थना झाली, सगळ्यांनी मनापासून केली. मग ती तो कागद घेऊन घरी गेली आणि तिने मुलाचं दप्तर उलटं केलं. त्यात निघालं, "बाईंच्या कपाटात तपकिरी बाटली आहे. दोन तासांच्या मधे त्या तिच्यातून घोट घेतात." तिने शेजारणीला फोन केला. शेजारणीच्या मुलीकडे निघालं, "बाई मुलींच्या केसांच्या पिना आणि रबरं एका डब्यात जमवतात." आणखी एका घरी, "बाई पाठमोऱ्या असल्या तरी कोण बोललं ते नावासकट सांगतात." आणखी एक, "बाईंनी एका मुलाला सांगितलं, तू उद्या आजारी पडणार. तो पडला."

रविवारी संध्याकाळपर्यंत अठ्ठावीसपैकी तेवीस कागद औषधाच्या दुकानात गोळा झाले होते. सोमवारी शाळा उघडायच्या आत त्यांच्या प्रती मुख्याध्यापिकांच्या टेबलावर होत्या, आणि एक जाडजूड संच शिक्षण खात्याच्या वरच्या कचेरीत रवाना झाला होता. मुलं घरी घसा फोडून सांगत होती की हा अभ्यास आहे. आया म्हणत होत्या, तुम्हाला असं म्हणायला तिनेच शिकवलं असणार.

सोमवारचा तास झालाच नाही. पाठीमागची कारणं लिहायची राहिली ती राहिलीच.

मी त्याच दुपारी वर गेले आणि सगळं सांगितलं. खिसा, कागद, पेटी. वन्सं वह्या तपासत होत्या. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे सगळ्या बायकांनी माझ्यासाठी प्रार्थना केली?"

"केली हो, वन्सं. डोळे मिटून."

"मग झालं तर. बत्तीस वर्षांत माझ्यासाठी कोणी इतकं केलं नव्हतं." त्या हसल्या, पण चष्मा काढून पुसत बसल्या. बराच वेळ पुसला. "रडू नका, वहिनी. खिसे तपासायची सवय चांगली आहे. चूक माझी. शुक्रवारी अर्धं काम दिलं आणि मुलांना घरी सोडलं. दोन्ही बाजू एकाच दिवशी लिहून घ्यायला हव्या होत्या."

त्या मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौकशी पुढच्या बुधवारी, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात ठेवली. दोरीला मुलांची चित्रं लटकत होती, त्यांच्याखाली लांब टेबल. मधे वरच्या कचेरीतले साहेब, एका बाजूला मुख्याध्यापिका, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा कारकून. मलाही बोलावलं होतं, पहिला कागद माझ्या घरचा म्हणून. साहेब माणूस वाईट नव्हते. वन्सं आल्यावर उठून उभे राहिले, पाणी विचारलं. मग फाईल उघडली.

"बाई, मी एकेक वाचतो. हो किंवा नाही एवढंच सांगा. तुम्ही रिकाम्या वर्गात एकट्या बोलता?"

"हो. तासाची तयारी..."

"फक्त हो की नाही."

"हो."

"कपाटात बाटली आहे?"

"हो. घशाचं औषध आहे. चिठ्ठी घरी..."

"आहे. लिहा, आहे. मुलींच्या पिना जमवता?"

"वर्गात पडलेल्या. ज्यांच्या असतील त्यांनी घेऊन जाव्या म्हणून."

"म्हणजे जमवता. पाठमोऱ्या असताना तुम्हाला दिसतं?"

"खिडकीच्या काचेत दिसतं." इथे कारकुनाला हसू आलं, पण साहेबांनी बघितल्यावर त्याने मान खाली घातली.

"आजारी पडशील असं म्हणालात?"

"मुलगा ओल्या बुटांनी चार तास बसला होता. म्हणाले."

मी माझ्या खुर्चीच्या कडेवर आले होते. मला ते नाटक आठवत होतं, शेंगा निवडताना ऐकलेलं. माझी पाळी आली. साहेबांनी कागद पुढे केला. "हे अक्षर तुमच्या मुलीचं?"

"हो साहेब. पण ते अभ्यासाचं आहे. पाठीमागे कारण लिहायचं होतं, सोमवारी."

साहेबांनी कागद उलटा केला. प्रत होती ती. मागे काहीच नव्हतं. "इथे अभ्यास असं कुठे लिहिलेलं दिसत नाही."

"मीच लिहू नका म्हटलं होतं," वन्सं म्हणाल्या.

मुख्याध्यापिका आता कळवळून म्हणाल्या, "अहो, मला माहीत आहे हा सराव आहे. मी स्वतः तुमचे असे तास पाहिलेत. पण आता कागद वर गेलाय ना. कागद एकदा वर गेला की तो खाली कसा आणायचा, सांगा तुम्हीच."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि आवाज हळू केला. त्यांना खरंच मिटवायचं होतं. "बाई, सोपा मार्ग आहे. मुलांनी हे मनानं रचलं, असं दोन ओळींत लिहून द्या. आजच्या आज फाईल बंद. उद्यापासून वर्गावर जा. परीक्षेआधी तीन आठवडे आहेत, मुलांचंही नुकसान नको."

हे बाहेर बाकावर बसले होते, दार उघडंच होतं. तिथूनच म्हणाले, "ताई, दे ना लिहून."

वन्संनी विचारलं, "आणि मुलांचं काय होईल?"

"खोट्या मजकुराखाली सही केली म्हणून समज द्यावी लागेल. दाखल्यावर शेरा येईल. किरकोळ."

"अठ्ठावीस दाखल्यांवर?"

"तेवीस. पाच कागद आलेच नाहीत."

वन्संनी वरच्या चित्रांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नको, साहेब. मी त्यांना खरंच लिहा म्हणून सांगितलं होतं. त्यांनी खरंच लिहिलं. सगळ्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत."

"मग माझ्या हातात काही राहत नाही."

"माहीत आहे," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही पाणी विचारलंत, आभारी आहे."

घरी येताना हे रस्ताभर धुमसत होते. "हिला काय मोठं हरिश्चंद्र व्हायचंय! दोन ओळी लिहायच्या होत्या." वन्सं पुढे चालत होत्या. त्यांनी मागे न बघताच विचारलं, "मोजे सापडले का रे आज?" मग कोपऱ्यावर पोचल्यावर यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून खाली वाकून घेतलं.

आमच्या लेकीने स्वस्थ बसायचं नाही असं ठरवलं. तिने तीन दिवस दारोदार फिरून एकवीस मुलांकडून कारणं लिहून आणली, कोऱ्या कागदांवर, सही आणि तारखेसकट. औषधवाल्यांच्या मुलाने आईसमोर बसून लिहिलं, तेही आणलं. मुख्याध्यापिकांनी ते कागद घेतले, वाचले, डोळे पुसले आणि टेबलाच्या खणात ठेवले. "निर्णय आला की जोडू," म्हणाल्या. लेकीने विचारलं, "निर्णयाच्या आधी जोडता येत नाहीत का?" त्यावर त्या म्हणाल्या, "फाईल माझ्याकडे कुठे आहे, बाळा?"

मी मंडळात गेले. उभं राहून सांगितलं, माझी चूक झाली, तो अभ्यासाचा कागद होता. मोठ्या ताई, ज्या आमचं मंडळ चालवतात, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "अगं, घरच्या माणसासाठी जीव तुटतो, समजतं आम्हाला." औषधवाल्यांची बायको म्हणाली, "नणंद आहे, तुला असंच बोलावं लागणार." मी जे जे बोलले ते सगळं खरं होतं आणि कोणी ते खोटं म्हणालं नाही. फक्त त्याने काही झालं नाही. मग पेटी उघडली आणि सगळ्यांनी पुन्हा वन्संसाठी प्रार्थना केली. मीही केली. दुसरं काय करणार होते मी तिथे?

काल वरच्या कचेरीतून पत्र आलं. निर्णय होईपर्यंत वर्गावर जायचं नाही, शाळेच्या आवारातही यायचं नाही. निर्णय कधी, ते लिहिलेलं नाही. वन्संच्या निवृत्तीला चौदा महिने आहेत. त्या नाटकाची उजळणीही थांबवली आहे. प्रश्नपत्रिका मात्र आधीच छापून झाली आहे, त्यात तो वीस गुणांचा प्रश्न आहेच. लेकीने विचारलं, "आत्या, घरी शिकव ना, आम्ही सगळे वर येतो." वन्सं म्हणाल्या, "तेवढं नको. तुम्ही वर आलात की त्याचाही कागद होईल." लेक हट्टाला पेटली तेव्हा म्हणाल्या, "तुला उत्तर येतं. जा, एकटीच म्हण. भिंतींना सांग." मग म्हणाल्या, "दार लावून घे पण."

आज सकाळी मी चहा घेऊन वर गेले तर त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, शाळेत जायचे कपडे घालून. सातला उठतात, साडेसातला तयार होतात, पायांना सवय आहे. ओठ हलत होते. मी दारातच थांबले. तास चालला होता त्यांचा. मधेच थांबल्या, ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "पुन्हा."

मी चहा ठेवून आवाज न करता खाली आले.

मागची बाजू कोणी जोडून घेत नाही म्हणून मी ती इथे लिहिली आहे. या वहीला कोण विचारणार, ते मला माहीत आहे. तरी लिहिलं. आता रंगीत कपडे पिळून घालते, लेकीचा गणवेश आधी, खिसे उलटे करून. पत्रात लिहिलं आहे की कपाट रिकामं करून किल्ली आज अकराच्या आत शाळेत जमा करायची, आणि वन्संना आवारात जायची परवानगी नाही. म्हणून मला जायचं आहे. छत्री, खडूची पेटी, तपकिरी बाटली आणि पिनांचा डबा पिशवीत घालून आणायचा, आणि किल्ली कारकुनाकडे द्यायची.